छत्तिसाव्या वर्षी कराटे, सोबत नऊ वर्षांची मुलगी: क्लास कसा निवडावा?

चाकणपाळी

नमस्कार मंडळी. मी चाकणला एका कारखान्यात व्हीएमसी मशीनवर आहे, राहतो मोशीत. वय ३६. दर आठवड्याला पाळी बदलते. दिवसभर उभं राहून कंबर धरते आणि गेल्या दोन वर्षांत वजन अकरा किलोंनी वाढलंय. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. तिच्या मैत्रिणी कराटेला जातात म्हणून तिनं हट्ट धरलाय. खरं सांगायचं तर मलाही लहानपणापासून शिकायचं होतं, पण निलंग्याकडे आमच्या गावात तेव्हा असलं काही नव्हतं.

घराजवळ दोन क्लास आहेत. एक हॉलमध्ये भरतो. एसी, लाल-निळ्या मॅट, भिंतभर आरसे, साठेक मुलं. वर्षाचं पॅकेज १८,००० रुपये, त्यात ड्रेस आणि तीन बेल्टच्या परीक्षा. 'दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट' असं बॅनरवरच लिहिलंय. मोठ्यांची वेगळी बॅच नाही, पण मुलांबरोबर करा म्हणाले.

दुसरा महापालिकेच्या शाळेच्या व्हरांड्यात. शितो-र्यू शिकवतात असं कळलं. सर साठीचे असतील. नऊ-दहा जण येतात, त्यात दोन बायका आणि माझ्याच वयाचे एक रिक्षावाले. महिना ६०० रुपये. बेल्ट कधी मिळेल विचारलं तर सर म्हणाले, "आधी महिनाभर या, मग बोलू."

बायकोचं म्हणणं, पोरीला मैत्रिणी आहेत तिथेच घाला, आणि तुम्ही या वयात गुडघा मोडून घेऊ नका. मला समजत नाहीये. या वयात सुरू करणं बरोबर आहे का? शोतोकान, गोजू, शितो ही कराटेच्या शैलींची जी नावं ऐकतो त्यानं काय फरक पडतो? आणि क्लास चांगला की वाईट हे ज्याला काहीच येत नाही त्यानं ओळखायचं कसं?

आका

दादा, मी पुण्यात कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, खेळतो, राज्य पातळीपर्यंत गेलोय. माझं मत वेगळं पडेल कदाचित. मुलीला अशा क्लासमध्ये घाला जिथली मुलं बाहेर जाऊन खेळतात. समोर खरा माणूस आला की आपल्याला काय येत नाही ते एका मिनिटात कळतं. मी चार वर्षं हवेत ठोसे मारून स्वतःला तयार समजत होतो. पहिल्या स्पर्धेत समोरच्यानं डोक्याला दोन किक लावल्या, एकेकीला तीन गुण, आणि मी उभाच. त्या दिवसानंतर मी अंतर म्हणजे काय ते शिकायला लागलो.

टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटे होतं तेव्हा आमच्या क्लासमध्ये गर्दी झाली होती. पॅरिसला २०२४ मध्ये ते नव्हतं, तशी गर्दी ओसरली. पण खेळ म्हणून त्यात शिकण्यासारखं खूप आहे. फक्त कुमितेला तोंडात माउथगार्ड घातल्याशिवाय कुणी उभं करत असेल तर तिथून परत या.

कृष्णाकाठ

दादा, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, मिरजेजवळ राहते. कराटे सुरू केलं तेव्हा ३८ वर्षांची होते, आता ५४. गोजू-र्यू करते, दुसरा दान आहे, म्हणजे काळ्या पट्ट्याची दुसरी पायरी. गेली सहा वर्षं गावच्या समाजमंदिरात आठवड्यातून तीन दिवस मुलींना आणि बायकांना शिकवते. उशीर झाला का, या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच: नाही.

पहिल्या दिवशी मंगळसूत्र आणि बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या तेव्हा माझे हात थरथरत होते. घरी सासूबाईंना सांगितलं नव्हतं. शेवटच्या रांगेत उभी राहिले. एका बाजूला सातवीतला मुलगा, दुसऱ्या बाजूला भिंत. सगळे उजवीकडे वळले की मी डावीकडे. त्या तासाभरात सर चार वेळा शेवटच्या रांगेपर्यंत आले. एकदा त्यांनी काही न बोलता माझी मूठ उघडली आणि आत दाबलेला अंगठा बाहेर काढून बोटांवर ठेवला. तशा मुठीनं कुठे ठोसा बसला असता तर अंगठाच मोडला असता. पुढच्या रांगेत तेव्हा ब्राऊन बेल्टची मुलं सुरेख काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, करत होती. सरांनी त्यांना त्यांचं करू दिलं आणि ते माझ्याजवळ थांबले.

म्हणून क्लास बघायला जाल तेव्हा पूर्ण तास बसा आणि शेवटची रांग बघा. पुढची मुलं चपळ असतात, ती कुठेही छान दिसतात. मागे काय चाललंय ते बघा. सर तिथपर्यंत येतात का? चुकणाऱ्याला हात लावून दुरुस्त करतात की लांबून ओरडतात? त्या मुलाचं नाव त्यांना माहीत आहे का? लठ्ठ मुलगा, लाजरी मुलगी, चष्मेवाला, नव्यानं आलेला मोठा माणूस, यांचं तिथे काय होतं ते तुम्हाला दिसेल. तुम्ही आणि तुमची मुलगी पहिलं वर्षभर तिथेच उभे राहणार आहात.

रांगा करून शिकवणं ही कराटेची मूळ पद्धत नव्हे. कराटे जिथलं, त्या जपानच्या ओकिनावा बेटावर एकेका गुरूकडे मोजके शिष्य असत आणि शिकणं बरंचसं गुपचूप चाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतोसू अन्को यांनी कराटे तिथल्या शाळांत नेलं. मुलांना झेपतील असे पाच पिनान काता त्यांनी बांधले आणि १९०८ मध्ये कराटे शाळांत का शिकवावं यावर दहा कलमांचं पत्र लिहिलं. मी शिक्षिका असल्यामुळे हा माणूस मला फार जवळचा वाटतो. वर्गात चाळीस पोरं आली की रांग करावीच लागते. पण रांग केली म्हणून शेवटच्या पोराला सोडून द्यायचं नसतं, हे मला वर्गातही लागू पडतं आणि डोजोत, म्हणजे कराटेच्या सरावाच्या जागीही.

आता शैलीबद्दल. शोतोकानमध्ये उभं राहणं लांब आणि खोल, हालचाल मोठी. आमच्या गोजूत अंतर जवळचं, श्वासावर भर, सानचिन हा काता जन्मभर. शितो-र्यूत दोन्हीकडचं बरंच आलंय, काता पुष्कळ. वादो-र्यूत जुजुत्सूची, म्हणजे जुन्या जपानी झटापटीच्या विद्येची, सरक आहे. क्योकुशिनमध्ये अंगावर पूर्ण ताकदीनं मारतात. कंबर धरलेल्या माणसानं तिथून सुरुवात करावी असं मी म्हणणार नाही. बाकी शैलींमध्ये नवशिक्यानं निवड करत बसू नये. चालत जाता येईल अशा अंतरावरचा चांगला शिक्षक मिळाला तर त्याची जी शैली असेल ती तुमची शैली. पाळीची नोकरी आहे तुमची. दीड तासाच्या प्रवासावरचा क्लास तिसऱ्या आठवड्यात सुटेल.

शिक्षक ओळखायला एक साधा प्रश्न सांगते. एका हातानं ठोसा मारताना दुसरा हात कमरेशी का ओढतात, हे विचारा. 'पद्धत आहे', 'ताकद येते', असं म्हणून विषय संपवला तर थोडं थांबून विचार करा. जाणणारा माणूस तुम्हाला स्वतःचं मनगट धरायला सांगेल, किंवा तुमचं धरेल, आणि तो ओढलेला हात रिकामा नसतो हे दाखवेल. समोरच्याचा हात, बाही, जे सापडेल ते त्यात असतं. कातामधल्या हालचालींचा असा उलगडा करण्याला बुनकाई म्हणतात. ज्या क्लासमध्ये काता आहे पण बुनकाई नाही, तिथे मुलं पाढे म्हणतात आणि बेरीज येत नाही.

ब्लॅक बेल्टचं. मला पाच वर्षं चार महिने लागले, आठवड्यातून तीन दिवस जाऊन. शोदान या शब्दाचा अर्थ पहिली पायरी. बेल्ट आणि दान ही व्यवस्था ज्युडोच्या कानो जिगोरो यांची. शोतोकानचे फुनाकोशी गिचिन यांनी ती कराटेत आणली आणि १९२४ मध्ये पहिले काळे पट्टे दिले. गोजू-र्यूचे मियागी चोजुन (१८८८–१९५३) यांनी तर हयातीत एकाही शिष्याला दान दिला नाही. माझ्या कमरेला काळा पट्टा आहे आणि मला तो प्रिय आहे, पण तो तारखेनिशी विकत मिळतो असं सांगणाऱ्याकडे मी माझी मुलगी पाठवली नसती. वर्षाचे पैसे एकदम देऊ नका. महिन्याचे द्या. परीक्षेची फी, डिप्लोम्याची फी, संघटनेची वार्षिक फी, शिबिराची फी, हे सगळं आधीच विचारून कागदावर लिहून घ्या.

आणि कौलं. हे लिहिताना मला अजून त्रास होतो. मी शिकत होते त्या काळात दुसऱ्या एका क्लासच्या वार्षिक कार्यक्रमाला पाहुणी म्हणून गेले होते. अकरा वर्षांच्या मुलाला स्टेजवर कौलं फोडायला उभं केलं. कौलं फुटली नाहीत, मनगट फुटलं. मुलगा रडला नाही कारण सर बघत होते. टाळ्या वाजत होत्या आणि त्याचा हात खाली लोंबत होता. वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी कूर्चा असते, ती दुखावली तर हाडाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. लहान मुलांकडून कौलं, फरशा, ट्यूबलाइट फोडून घेणं, पोटावरून मोटारसायकल नेणं, यात कराटे अजिबात नाही. जिथे याचे फोटो भिंतीवर आहेत तिथे मुलीला घालू नका.

मुलगी आहे म्हणून आणखी एक. क्लास चालू असताना पालकांना बसू देतात का? दार उघडं असतं का? कपडे बदलायची सोय वेगळी आहे का? सर किंवा मोठी मुलं मुलींना स्वतंत्र मेसेज करतात का? हे विचारायला संकोच करू नका. चांगल्या शिक्षकाला या प्रश्नांचा राग येत नाही. मी स्वतः सगळे निरोप पालकांच्या ग्रुपवरच टाकते.

ओसाकाकर

ताईंनी छान लिहिलंय. मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीमुळे ओसाकाला आलो आणि इथे शितो-र्यू करतो. मोशीतले सर शितो-र्यूचे आहेत म्हणून थोडं सांगतो. ही शैली माबुनी केनवा यांची. ते ओकिनावातल्या शुरीचे, पण स्थायिक झाले ते ओसाकात. इतोसू आणि हिगाओन्ना या दोघांकडे ते शिकले आणि दोघांच्या नावांतलं एकेक जपानी चित्राक्षर घेऊन, त्यांचे दुसरे उच्चार 'शि' आणि 'तो' जोडून, त्यांनी 'शितो' हे नाव केलं. तेच हिगाओन्ना मियागींचे गुरू. म्हणजे तुमचे सर आणि ताई एका अर्थी चुलत घरातले.

इथे महिन्याची फी महिन्यालाच देतात. पाकिटात नोटा घालून दोन्ही हातांनी देतात. वर्षाचं पॅकेज मी तरी पाहिलं नाही. सराव संपला की ओल्या फडक्यानं सगळे मिळून जमीन पुसतात. मी पहिल्या दिवशी पुसायला वाकलो तेव्हा माझ्या शेजारी पुसत होते ते पाचव्या दानाचे गृहस्थ. वय ७१. तुमच्या दोन्ही क्लासमध्ये तास संपल्यावर पाच मिनिटं थांबून बघा. तेव्हा कोण काय करतं यावरून मला तरी पुष्कळ कळलं होतं.

ड्रेस लगेच जाड कॅनव्हासचा घेऊ नका. पुण्याच्या उकाड्यात तो अंगाला चिकटेल. पहिलं वर्ष पातळ सुती पुरतो.

चाकणपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात पहिली पाळी होती म्हणून संध्याकाळी दोन्हीकडे पूर्ण तास बसून आलो. मुलगी सोबत होती.

हॉलमध्ये मागच्या रांगेत एक सहा-सात वर्षांचा मुलगा होता. त्याचा बेल्ट सुटला होता. तो बांधायचा प्रयत्न करत राहिला, मग बेल्ट हातात धरून उभा राहिला, मग खाली बसला. अर्ध्या तासानं एका ताईचं लक्ष गेलं. ती सहायक असावी, वीस-बावीसची. तिनं गुडघ्यावर बसून बेल्ट बांधला आणि नंतर त्याच्या शेजारीच उभं राहून शिकवलं. ती मुलगी मला फार आवडली. मुख्य सर पुढे किक दाखवत होते. किक जबरदस्त होती, माझी मुलगी उभीच राहिली बघायला. मी कमरेच्या हाताचं विचारलं तर म्हणाले, "पोझिशन परफेक्ट दिसते, परीक्षेत मार्क असतात." दुसरा प्रश्न विचारायला त्यांना वेळ नव्हता. सर्टिफिकेट दहावीच्या गुणांना चालतं असंही म्हणाले.

शाळेत शहाबादी फरशी, वर दोन ट्यूब. तोच प्रश्न विचारला. सर म्हणाले, "माझ्या छातीवर हात ठेवा, ढकला." ढकलला. माझा हात कधी त्यांच्या कमरेला गेला आणि त्यांची मूठ माझ्या बरगडीशी कधी येऊन थांबली ते कळलंच नाही. लागलं नाही. मुलगी हसली आणि म्हणाली, "मला पण दाखवा." त्यांनी तिला त्यांचं मनगट धरायला दिलं. मागच्या रांगेत रिक्षावाले होते. सरांनी त्यांच्याशी जितका वेळ घालवला तितका पुढच्या कुणाशीही नाही. तास संपल्यावर सरांनीच झाडू घेतला.

पण दोन गोष्टी खटकल्या. सुरुवातीला सगळ्यांना बसून बदकासारखं चालायला लावलं, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला बघूनच गुडघ्यात कळ आली. आणि तासभर कुणाला पाणी पिऊ दिलं नाही. शिवाय तिथे मुलीच्या वयाचं कुणीच नाही. घरी आल्यावर ती म्हणाली, "आजोबा चांगले आहेत, पण मैत्रिणी तिकडे आहेत." आता काय करू?

कृष्णाकाठ

तुम्ही फार नीट बघितलंत. बेल्ट सुटलेलं ते पोर माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

बदकचालीबद्दल तुमचं बरोबर आहे. पूर्ण बसलेल्या अवस्थेत चालताना गुडघ्यावर दाब आणि पीळ दोन्ही येतात. जुन्या शिक्षकांना त्यांच्या गुरूंनी तेच करायला लावलं, म्हणून ते करून घेतात. पाण्याचंही तसंच. पाणी न पिणं म्हणजे मन कणखर, असं आम्हालाही सांगितलं जायचं. एप्रिलमध्ये आमच्याकडची एक मुलगी चक्कर येऊन पडली, तेव्हापासून मी दर वीस मिनिटांनी पाणी प्यायला लावते. सरांना वेगळं गाठून सांगा: "सर, मला गुडघ्याचा त्रास आहे, हे सोडून दुसरं काय करू?" तेव्हा ते काय म्हणतात ती त्यांची परीक्षा. मनगट हातात देणारा माणूस ऐकेल असं मला वाटतं. रागावले, सगळ्यांसमोर टोचून बोलले, तर मात्र तो क्लास सोडा, कितीही विद्या असली तरी.

मॅट आणि फरशी यांचंही लक्षात ठेवा. मऊ मॅटवर पडताना लागत नाही, पण अनवाणी पाऊल तिच्यात रुततं. वळताना पाऊल जागेवर राहतं आणि गुडघा वळतो. फरशीवर पाऊल सरकतं, ते गुडघ्याला बरं, पडलं तर मात्र लागतं. दोन्हीकडे नियम एकच. आधी पाऊल फिरू द्यायचं, मग अंग. आणि वाकलेला गुडघा नेहमी पायाच्या बोटांच्या दिशेनं. आत पडला की दुखणं सुरू.

सानचिनसारखं श्वास आणि ताण लावून करायचं काही शिकवलं, तर श्वास कोंडून जोर लावू नका. त्यानं रक्तदाब चढतो. वजन वाढलंय म्हणालात, तर सुरू करण्याआधी एकदा रक्तदाब मोजून घ्या.

दहावीच्या गुणांबद्दल: ते अधिकृत शालेय स्पर्धांमधल्या कामगिरीवर मिळतात, क्लासच्या बेल्टच्या सर्टिफिकेटवर नाही. कुठलंही प्रमाणपत्र चालतं का ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा, क्लासमध्ये नको. मंगल कार्यालयात भरणाऱ्या 'आंतरराष्ट्रीय' स्पर्धा मी पाहिल्या आहेत. कराटेत कांस्यपदकं दोन असतात. गटात चारच मुलं ठेवली की चौघांच्याही गळ्यात पदक पडतं. पालक ते घरी भिंतीला लावतात, आणि मुलाला वाटतं आपण जग जिंकलं. पुढे खऱ्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरल्यावर ते मूल कराटे सोडतं. अशी तीन मुलं माझ्याकडे आली, त्यातलं एक टिकलं.

आणि मुलीचं. तिचं मन मैत्रिणींकडे आहे तर ते खोटं समजू नका. नऊ वर्षांच्या मुलीला एकटीनं मोठ्या माणसांत उभं करून तुम्ही तिचं कराटे सुरू होण्याआधी संपवाल. हॉलमध्ये ती सहायक मुलगी आहे ना, ती कुठल्या दिवशी असते ते विचारा. महिन्याची फी घेतात का, विचारा. कौलं फोडत नाहीत ना, विचारा. तुम्ही स्वतः मात्र शाळेत जा.

स्वसंरक्षणासाठी म्हणून घालत असाल तर तिला आजच सांगून ठेवा की कुणी धरलं तर पहिलं काम ओरडायचं आणि पळायचं. तीन महिन्यांच्या कराटेवर कुणी मोठ्या माणसाशी लढू शकत नाही, आणि लढू शकेल असं सांगणारा क्लास तिला धोक्यात घालतो.

आका

ताई, चार मुलांच्या गटाचं अगदी खरं आहे. मीपण घरात अशी दोन पदकं ठेवली होती, नंतर काढली. दादा, मुलगी पुढे खेळायला लागली तर मला विचारा. कुठल्या स्पर्धेला जायचं आणि कुठल्या नाही ते सांगेन.

चाकणपाळी

अडीच महिन्यांनी लिहितोय, मध्ये दोन रात्रपाळ्या लागून आल्या.

मुलगी हॉलमध्ये जाते, मंगळवार आणि शुक्रवार, ती ताई असते तेव्हा. पॅकेज नाही घेतलं. महिना १८०० वर तयार झाले, आधी नाही म्हणत होते. वार्षिक कार्यक्रमात कौलं असतात असं कळलं, मी लिहून दिलं की माझी मुलगी त्यात नसेल. त्यांनी वाद घातला नाही.

मी शाळेत जातो. सरांना बदकचालीचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "माझेही दोन्ही गुडघे गेलेत." दुसऱ्या दिवसापासून ते बंद, माझ्यासाठीच नाही, सगळ्यांसाठी. पाण्याच्या बाटल्या आता खांबाजवळ ओळीत असतात. वजन तीनच किलो उतरलं, पण सकाळी उठताना कंबरेला हात लावावा लागत नाही.

परवा घरी एक गंमत झाली. मुलगी स्वयंपाकघरात तिचा पहिला काता करून दाखवत होती, हेइआन शोदान. तीन वेळा हात वर नेऊन वार अडवणं, तिसऱ्याला ओरडणं, वळणं, मग तीन ठोसे. मी म्हटलं, अगं हा तर माझा आहे. मला सरांनी पिनान निदान म्हणून शिकवलाय. दोघं समोरासमोर उभे राहून करत होतो. तिचं उभं राहणं लांब, माझं आखूड, पण रस्ता तोच. ती म्हणते माझं नाव चुकीचं आहे, शोदान म्हणजे पहिला. बायको ओट्याला टेकून बघत होती.

ताई, हे नाव वेगळं कसं? आणि दुसरं, शिको-दाचीत, म्हणजे पाय फाकवून गुडघे वाकवून उभं राहण्यात, खाली बसलं की माझ्या टाचा उचलल्या जातात. सर म्हणतात खाली बसा, आणि मी खाली गेलो की गुडघे आत येतात.

कृष्णाकाठ

वाचून डोळे भरले. सरांना माझा नमस्कार सांगा.

नाव दोघांचंही बरोबर आहे. इतोसूंच्या मालिकेत हा काता दुसरा, जपानीत 'निदान' म्हणजे दुसरा. फुनाकोशींनी तोक्योत शिकवताना 'पिनान'चं 'हेइआन' केलं, आणि दुसरा सोपा म्हणून पहिल्या जागी आणला. म्हणून तिचा शोदान तो तुमचा निदान. तुमचा शोदान तिला पुढे हेइआन निदान म्हणून येईल. तिला सांगा, तोही घरी आधी बाबांकडून बघता येईल.

टाचांचं: तुम्ही दिवसभर सेफ्टी शूज घालता, घोटे आखडलेले असणार. सध्या खाली बसू नका, वर या. टाच जमिनीला लागलेली आणि गुडघा बोटांच्या दिशेनं राहील तेवढंच खाली. घरी भिंतीसमोर उभं राहा, एक पाऊल भिंतीपासून चार बोटं मागे. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा, दोन श्वास थांबायचं, मागे यायचं. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. टेकायला लागला की पाऊल एक बोट मागे घ्यायचं. रात्रपाळीच्या आठवड्यात घरी आल्या आल्या नको, झोप झाल्यावर करा.